उजेडात घडणारी काच

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्याहून सकाळची लोकल पकडून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरणारे आपण सारे ज्या वास्तूखालून घाईघाईने बाहेर पडतो, ती १८८८ साली पूर्ण झाली आणि तिच्या सजावटीत मुंबईच्या कला विद्यालयातील, म्हणजे आजच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा हात होता. ती मुले शिकत होती आणि त्याच वेळी शहराचे स्थानक सजवत होती. काचकलेचे शिक्षणही याच वाटेने व्हावे, असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्राला हे परके नाही. लोकांकडून वर्षाला एकेक पैसा जमवणाऱ्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना काढला, तो नुसता माल विकण्यासाठी नव्हे, तर कारागीर घडवण्यासाठीही.

आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या झेलेझ्नी ब्रोद या लहानशा गावात १९२० साली काचेची शाळा सुरू झाली. पुढे स्तानिस्लाव लिबेन्स्की तिचे प्रमुख झाले. गावच्या काच कारखान्यात यारोस्लाव्हा ब्रिख्तोव्हा वास्तुकाचेचा, म्हणजे इमारतींत बसवायच्या काचेचा, विभाग सांभाळत होत्या. ते चित्र काढत, त्या ते मातीत उतरवत आणि मग साच्यात काच भट्टीत वितळवली जाई. त्यांच्या कामातली खुबी जवळून पाहण्यासारखी आहे: काच एकाच रंगाची, पण जिथे ती पातळ तिथे रंग फिका आणि जिथे जाड तिथे गडद, त्यामुळे रंगकाम न करताच छटा उमटतात. अशी जाड काच भट्टीतून घाईने काढली, तर वरचा थर आधी आकसतो, आतला मागे राहतो आणि त्या ताणाने ती तडकते. म्हणून मोठा नग कित्येक आठवडे सावकाश थंड करावा लागतो. हा धीर वर्गातल्या फळ्यावर शिकवता येत नाही, तो भट्टीशेजारीच अंगी बाणतो.

ऐरोली-बेलापूरच्या इमारतींवर काच भरपूर आहे, पण तिच्यात कुणाच्या हाताची खूण नाही. नवी मुंबईत अशी शाळा निघाली, तर तिला पहिले काम एखाद्या स्थानकाच्या भिंतीचे मिळावे. मात्र रंग निवडताना मुलांनी नमुन्याचा तुकडा मे महिन्याच्या उन्हात नव्हे, तर श्रावणातल्या ढगाळ सकाळी फलाटावर धरून पाहावा. त्या मंद उजेडात गडद निळा काळपट दिसू लागतो आणि फिका पिवळा मात्र उजळ राहतो.