पंचेचाळीस मिनिटं, दोन खुर्च्या

(दृश्य : लंडन, २० मॅरेसफील्ड गार्डन्स. कोचावरच्या गालिच्यावरून कॅमेरा सावकाश सरकतो.)

हा गालिचा इराणमधल्या कश्काई लोकांनी विणलेला. त्याच्याखाली एक साधा कोच आहे. १८९० च्या सुमारास एका रुग्ण बाईंनी तो आपल्या डॉक्टरांना भेट दिला. ते डॉक्टर म्हणजे सिग्मंड फ्रॉइड, बोलण्यातून मनावर उपचार करण्याची मनोविश्लेषण ही पद्धत सुरू करणारे. व्हिएन्नामध्ये, बर्गगासे १९ या पत्त्यावर, हा कोच कित्येक वर्षं होता. १९३८ मध्ये नाझींमुळे फ्रॉइड कुटुंबाला शहर सोडावं लागलं, तेव्हा तोही लंडनला आला.

यावर आडवं पडून रुग्ण मनात येईल ते बोलायचे. आता उशीकडे पाहा. उशीच्या मागे हिरवी खुर्ची आहे. कोचावर झोपलेल्याला खुर्चीतला माणूस दिसत नाही, फक्त त्याचा आवाज येतो. आणि चेहरा दिसेनासा झाला, की आपण तो आपल्याच आठवणींतून रंगवायला लागतो. कुणाला त्या जागी वडील दिसतात, कुणाला शाळेतल्या कडक बाई.

(दृश्य : लिहिण्याचं टेबल. लहान-मोठ्या मूर्ती. एका मूर्तीवर कॅमेरा थांबतो.)

या गर्दीत आपल्या ओळखीचं कुणीतरी आहे. हस्तिदंतातला विष्णू. १९३१ मध्ये फ्रॉइड पंचाहत्तर वर्षांचे झाले, तेव्हा कलकत्त्याच्या इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटीने ही मूर्ती पाठवली. सोसायटी १९२२ साली गिरींद्रशेखर बोस यांनी सुरू केलेली. बोस आणि फ्रॉइड यांनी एकमेकांना वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, मतभेदही मांडले. प्रत्यक्षात ते कधीच भेटले नाहीत.

(दृश्य : रिकामा कोच, खिडकीतला उजेड.)

ऑक्टोबर १९००. अठरा वर्षांची एक मुलगी फ्रॉइड यांच्याकडे यायला लागली. ग्रंथांत तिला डोरा म्हणतात. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी तिने उपचार सोडला. फ्रॉइड यांनी तिची हकिगत १९०५ मध्ये छापली आणि तीत स्वतःची चूक लिहून ठेवली. आयुष्यातल्या दुसऱ्या माणसांबद्दलचा राग आणि अविश्वास ती माझ्यावर आणून ठेवत होती, आणि ते मला वेळेत ओळखता आलं नाही, असा त्या कबुलीचा आशय.

याला ट्रान्सफरन्स म्हणतात. आपण भावसंक्रमण म्हणू. जुन्या नात्यातली भावना नव्या माणसावर येऊन बसते. हे घरात होतं, ऑफिसात होतं, लग्नात तर होतंच. पण उपचाराच्या खोलीत ते दोघांच्या डोळ्यांदेखत होतं, आणि तिथे त्याच्याकडे थांबून पाहता येतं.

(दृश्य : जुना टेपरेकॉर्डर. फिरणारी चकती. टाइप केलेल्या कागदांची चळत.)

पुढची कित्येक दशकं हे सगळं डॉक्टरांच्या स्मरणावर चाललं. संध्याकाळी आठवून लिहायचं, आणि वाचणाऱ्याने विश्वास ठेवायचा. ही परंपरा मोडली ती या यंत्राने.

अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ लेस्टर लुबोर्स्की टेप केलेल्या सेशन्सच्या लिखित प्रती घेऊन बसत. रुग्ण बोलता बोलता माणसांच्या गोष्टी सांगतो. बॉसने असं केलं, बहीण असं म्हणाली. लुबोर्स्की अशी प्रत्येक गोष्ट वेगळी काढत आणि तिला तीन प्रश्न विचारत. या माणसाला समोरच्याकडून काय हवं होतं? समोरचा कसा वागला? मग याने स्वतः काय केलं?

(दृश्य : कागदावर पेन्सिलीच्या खुणा. तीन रंग.)

समजा, एकाला हवं असतं की कुणीतरी ऐकून घ्यावं. समोरचा तोंड फिरवतो. हा गप्प होतो. दुसरी गोष्ट वेगळ्या माणसाची, वेगळ्या वर्षातली, आणि पुन्हा तेच. दहा गोष्टी अशा एकाखाली एक लावल्या, की साचा दिसायला लागतो. १९७० च्या दशकात लुबोर्स्की यांनी या पद्धतीला आकार दिला. पुढे त्यांच्या गटाला दिसलं, की बाहेरच्या माणसांच्या गोष्टींमधला साचा थेरपिस्टबद्दलच्या गोष्टींमध्येही सापडतो. फ्रॉइड यांनी कोचामागे बसून जे ताडलं होतं, ते आता कागदावर मोजून दाखवता येत होतं.

साचा दिसला, म्हणून तो रुग्णाला बोलून दाखवावा का? यावर भांडण होतं, आणि ते योग्यच होतं. कॅनडात विल्यम पायपर यांच्या गटाने १९९१ मध्ये दाखवलं, की काही रुग्णांमध्ये, असा साचा बोलून दाखवण्याचं प्रमाण जास्त तिथे थेरपिस्टशी नातंही कमकुवत दिसतं आणि परिणामही. मग शिकवण अशी पक्की झाली, की हे बोलणं जपून करावं, आणि ते पेलणाऱ्या रुग्णांशीच करावं. पेलणारे म्हणजे ज्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं नातं टिकलं आहे. ज्यांचं एकही टिकलं नाही, त्यांच्यासमोर हा विषय काढू नये.

(दृश्य : ओस्लो. बर्फ, ट्राम. मग एक बंद दार.)

नॉर्वेत मनोविकारतज्ज्ञ पेर हेग्लेंड यांनी ही समजूत तपासायची ठरवली. त्यासाठी त्यांनी काय काय केलं, ते सविस्तर सांगायला हवं, कारण बोलण्याच्या उपचारांना शास्त्र नाही असं ऐकून आम्ही थकलो आहोत.

आधी थेरपिस्ट. सात जण, सगळे अनुभवी. त्यांना दोन्ही तऱ्हांचं प्रशिक्षण दिलं, चार वर्षांपर्यंत. एका तऱ्हेत रुग्ण आणि थेरपिस्ट या दोघांमधल्या नात्याबद्दल बोलायचं. दुसऱ्या तऱ्हेत त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, बाहेरच्या नात्यांवरच राहायचं. दोन्ही सारख्याच सहजतेने जमायला हवं होतं.

मग रुग्ण. शंभर. नैराश्य, चिंता, व्यक्तिमत्त्वाच्या अडचणी, माणसांशी न जमणं. उपचाराआधी प्रत्येकाची दीर्घ मुलाखत झाली आणि ती ध्वनिमुद्रित केली. परीक्षकांनी ती ऐकून या माणसाची नाती आयुष्यभर कशी राहिली आहेत याला गुण दिले. त्यानंतर कोण कोणत्या गटात जाणार, ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. आठवड्याला एक सेशन, पंचेचाळीस मिनिटं, वर्षभर. प्रत्येक सेशन टेपवर. ठरलेली तऱ्हा खरंच पाळली जाते का, हे त्यातली काही सेशन्स ऐकून तपासलं. आणि परिणाम मोजणाऱ्यांना रुग्णाचा गट कोणता, हे कळू दिलं नाही.

(दृश्य : नाट्यरूपांतर. दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात रेकॉर्डरचा लाल दिवा.)

खऱ्या टेप बाहेरच्यांनी ऐकायच्या नसतात. म्हणून या दोन अभिनेत्री. प्रसंग आम्ही रचलेला, फरक मात्र त्या अभ्यासातला.

रुग्ण म्हणते : "मॅडम, माझं तेच तेच ऐकून तुम्हाला कंटाळा येत असेल."

पहिल्या खोलीत थेरपिस्ट विचारतात : "असं तुम्हाला आणखी कुणाबद्दल वाटतं?" ती आईबद्दल सांगायला लागते. खरंखुरं, उपयोगाचं बोलणं होतं.

दुसऱ्या खोलीत थेरपिस्ट विचारतात : "मला कंटाळा आलाय, हे तुम्हाला आत्ता कशावरून वाटलं?"

(इथे निवेदन थांबेल. तिचा चेहरा. बारा सेकंद.)

अभ्यासात असं बोलणं एका सेशनमध्ये साधारण एक ते तीन वेळा व्हायचं. त्याहून जास्त नाही.

२००६ मध्ये निष्कर्ष आले. सरसकट पाहिलं तर दोन्ही गट सारखेच सुधारले. पण ज्यांची नाती आयुष्यभर मोडत आली होती, ज्यांच्यासमोर हा विषय काढूच नये असं शिकवलं जात होतं, त्यांना दुसऱ्या खोलीतल्या, म्हणजे दोघांमधल्या नात्याबद्दलच्या बोलण्याचा अधिक फायदा झाला. उपचार संपून तीन वर्षं झाल्यावरही तो टिकून होता. पुढच्या विश्लेषणात दिसलं, की त्यांची स्वतःबद्दलची समज वाढली आणि सुधारणा त्या वाटेने आली.

(दृश्य : छापील फॉर्म. पेन एकेका शब्दापाशी थांबत खाली येतं.)

या अभ्यासातली आम्हाला सगळ्यात मोलाची वाटणारी वस्तू ही. सेशन संपलं, रुग्ण गेला, की थेरपिस्टनी हा फॉर्म भरायचा. यात भावनांचे ५८ शब्द आहेत. आज या माणसाबरोबर असताना तुम्हाला स्वतःला काय वाटलं? प्रत्येक शब्दापुढे, किती वाटलं याची खूण करायची. हे दर आठवड्याला, दर रुग्णामागे. फ्रॉइड यांच्या हिरव्या खुर्चीतल्या माणसालाही मन असतं, हे इथे रोजच्या कामाचा भाग झालं.

२०१८ मध्ये रुग्ण-थेरपिस्ट नात्यावरच्या संशोधनाचा मोठा आढावा निघाला. २९५ अभ्यास, तीस हजारांहून अधिक रुग्ण, नाना पद्धतींचे उपचार. रुग्ण आणि थेरपिस्ट यांची एकजूट चांगली, तिथे परिणाम चांगले, हे त्यात पुन्हा दिसलं.

(दृश्य : पुन्हा दुसरी खोली. लाल दिवा.)

बारा सेकंदांनंतर ती म्हणते : "तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत."

थेरपिस्ट म्हणतात : "हो. पाहिलं."

(रुग्ण पहिल्यांदाच मान वर करून थेरपिस्टकडे पाहते. आवाज फक्त टेपचा.)