कठडा वाजतो तेव्हा: बालरुग्ण विभागातल्या लोखंडी कॉटची दुरुस्ती

[दृश्य: रात्रीचा वॉर्ड. मंद दिवा. लोखंडी कॉटची रांग. एका कॉटचा कठडा खाली सरकतो.]

खड्ड... खड... आणि शेवटी ठण्ण.

सिस्टरनं एका बाळाचं सलाइन तपासायला कठडा खाली घेतला आणि शेजारच्या तीन कॉटमधली मुलं दचकून जागी झाली. त्यातल्या एकाला तासाभराच्या रडण्यानंतर कुठे डोळा लागला होता. रुग्णालयातल्या आवाजाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्ये मार्गदर्शक आकडे दिले. वॉर्डात रात्रीची सरासरी ३० डेसिबल आणि मध्येच होणारा मोठा आवाज ४० डेसिबलच्या आत. लोखंडावर लोखंड आपटलं की ही मर्यादा एका क्षणात मागे पडते.

पण आज आपण झोपेपुरतं बोलणार नाही. हा आवाज कॉट ढिली झाल्याची खबर देतो. ढिला झालेला कठडा लहान मुलासाठी धोक्याचा असतो.

[दृश्य: दिवसाच्या उजेडात तीच कॉट, जवळून. उभी सळई, तिच्यावर सरकणारी रिंग.]

रचना नीट पाहा. कॉटच्या चारही कोपऱ्यांना पायाच्या पाइपला लागून एकेक उभी सळई आहे. ही साधारण १२ मिलिमीटरची ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत पोलादी सळई. कठड्याच्या दोन्ही टोकांना वर एक, खाली एक अशा रिंगा वेल्ड केलेल्या आहेत, आणि त्या या सळयांवरून वरखाली सरकतात. एका कठड्याला चार, दोन कठड्यांना मिळून आठ रिंगा. कठडा वर धरून ठेवायला दोन्ही टोकांना स्प्रिंगचा खटका असतो. एवढीच यंत्रणा आहे. ती बिघडते मात्र चार-पाच ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणचा आवाज वेगळा असतो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी कान लावायचा. कठडा वर अडकवा आणि मूल उभं राहून हलवतं तसा हलवा. खडखड ऐकू आली तर रिंग आणि सळई यांच्यात फट आहे, म्हणजे खेळ वाढलाय. आता कठडा सावकाश खाली घ्या. करकर झाली, मध्येच अडला आणि मग झटक्यानं सुटला, तर सळया वाकड्या आहेत किंवा एकमेकींना समांतर नाहीत. तळाला पोचताना ठण्ण वाजलं, तर खालचं रबर गेलंय. वर जाताना ‘टक्’ असा आवाज एकाच बाजूनं आला, तर हातातलं सगळं काम सोडून आधी खटक्याकडे बघायचं.

[दृश्य: तेलाची कुपी. सळईवर काळा, चिकट थर. बोट फिरवल्यावर बोट काळं.]

बहुतेक ठिकाणी आधी तेल घातलं जातं. करकर दोन दिवस थांबतेही. पण खडखडीवर तेलाचा काहीच उपयोग नाही, कारण तेलानं फट भरत नाही. वर त्या तेलात चादरीची लव, कापूस, धूळ बसते आणि काळा मलिदा तयार होतो. हा मलिदा पॉलिश पेपरसारखा सळई घासत राहतो. नैसर्गिक रबर खनिज तेलानं फुगतं, त्यामुळे तळाचं रबरही जातं. आणि ज्या सळईला मूल हात लावतं, तोंडही लावतं, तिच्यावर मशीन ऑइल असताच कामा नये.

दुसरा उपाय वॉर्डावॉर्डात दिसतो तो म्हणजे बँडेज. गॉजची पट्टी गुंडाळून कठडा पायाला बांधून टाकायचा. आवाज थांबतो हे खरं. पण बाळाचा श्वास अडखळला तर तोच कठडा एका क्षणात खाली यायला हवा. तेव्हा गाठ सोडत बसायला वेळ नसतो. पट्टीचा सुटलेला फासा मुलाच्या गळ्याशी येऊ शकतो, आणि ओली पट्टी जंतुसंसर्गाला घर करून देते. अशी पट्टी दिसली तर काढा आणि त्या कॉटवर त्या दिवशी मूल ठेवू नका.

[दृश्य: व्हर्नियर कॅलिपर सळईला लावलेला.]

कॉट वॉर्डाबाहेर घेऊन कामाला लागू. वॉर्डात ठोकाठोकी करायची नाही. लोखंडाचा कीस आणि रंगाची धूळ मुलांजवळ उडता कामा नये. घरगुती आणि सजावटीच्या रंगातलं शिसं ९० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाखांत ९० भागांपर्यंत, मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१६ चे, लागू झाले २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधी रंगवलेली कॉट असेल तर रंगात शिसं आहे असंच धरून चाला. कोरडं घासू नका. पाण्याचा पॉलिश पेपर वापरा आणि ओल्या फडक्यानं पुसून ते फडकं टाकून द्या.

सळई तीन जागी मोजा: वर, मध्ये, खाली. जास्त झीज हमखास तिथे सापडते जिथे कठडा वर अडकवल्यावर रिंगा टेकतात, कारण मूल धरून हलवतं ते त्याच अवस्थेत. १२ ची सळई तिथे ११.७ च्या खाली गेली असेल तर बदला. सळई दोन्ही टोकांना सारखी असेल, तर तीच उलटी करून बसवता येते, म्हणजे न झिजलेला भाग रिंगेखाली येतो. मात्र उलटवल्यावर खालच्या रिंगा कुठे टेकतात हे आधी खडूनं खूण करून पाहा. झिजलेली जागा पुन्हा रिंगेखालीच येणार असेल तर नवी सळई घ्या.

सळई सरळ आहे का हे बघायला खास साधन लागत नाही. काच ठेवलेल्या टेबलावर ती लोळवा. सरळ सळई शांत लोळते. वाकडी सळई टप-टप करते आणि तिच्याखाली उजेडाची फट उघडझाप करताना दिसते. अर्ध्या मिलिमीटरचा बाकही असा डोळ्यांना दिसतो.

आता खड्डे. सळईवर टाचणीच्या डोक्याएवढे गंजाचे ठिपके दिसतायत? ते बहुतेक वेळा सोडियम हायपोक्लोराइटमुळे येतात. निर्जंतुकीकरणासाठी त्याचा एक टक्क्याचा द्राव वापरतात. तो पुसून तसाच वाळू दिला की लोखंड आणि क्रोमचा मुलामा दोन्ही खातो. द्राव ठरलेला वेळ राहू द्यायचा, मग साध्या पाण्याच्या फडक्यानं पुसायचं, मग कोरडं. हे तिसरं फडकं मामा-मावशींच्या, म्हणजे वॉर्डातल्या मदतनिसांच्या, कामाच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. तेवढ्यानं सळईचं आयुष्य वाढतं.

[दृश्य: लेथ. पांढऱ्या प्लास्टिक रॉडवर चालणारं हत्यार, सुटणारी लांब साल.]

खरा इलाज बुशचा, म्हणजे रिंगेच्या आत अस्तरासारख्या बसणाऱ्या छोट्या नळीचा. मूळ रिंगेचं भोक १४ चं, सळई १२ ची, मध्ये काहीच नाही. दोन मिलिमीटरचा खेळ कारखान्यातूनच आलेला असतो, पुढे तो वाढतच जातो. रिंग जाड असेल तर तिचं भोक १६ करून घ्या आणि आत प्लास्टिकचा बुश बसवा. रिंग पातळ पट्टीची असेल तर भोक वाढवल्यावर ती तुटेल; ती कापून १६ भोकाचा, ५ मिलिमीटर भिंतीचा नवा नळकांडीचा तुकडा वेल्ड करा.

बुश कशाचा? नायलॉनचा सगळीकडे मिळतो, पण नायलॉन हवेतलं पाणी पितो आणि फुगतो. सोलापुरात मे महिन्यात मापात बसवलेला बुश रत्नागिरीच्या जुलैत सळईला आवळून धरेल. कोकणात, मुंबईत, गोव्यात म्हणून ॲसिटल घ्या. दुकानात तो ‘डेल्रिन’ म्हणून मागितला जातो. तो पाणी फारच कमी शोषतो. हायपोक्लोराइट मात्र दोघांनाही मानवत नाही, म्हणजे ते पाण्याचं फडकं इथेही लागतंच.

टर्नरला द्यायचं माप असं. २५ मिलिमीटरचा रॉड. बुशची लांबी २५, बाहेरचा व्यास १६.१, वरच्या टोकाला २२ व्यासाची, ३ जाडीची कॉलर. आतलं भोक १२.५. इथे एक चूक नेहमी होते. बुश दाबून बसवला की भोक आवळतं, जवळजवळ जितकं बाहेरून दाबलं तितकंच. म्हणून आधीच १२.३ ठेवलं तर बसवल्यावर सळई जेमतेम जाईल, आणि कठडा अडकला म्हणून पुन्हा तक्रार येईल. बसवल्यानंतर भोक १२.३५ ते १२.४ भरलं पाहिजे. सळई स्वतःच्या वजनानं आतून सरकली पाहिजे आणि बोटानं हलवली तर जाणवेल इतकी हलता कामा नये.

बुश हातोडीनं ठोकू नका. शिकंजात (बेंच व्हाइसमध्ये) धरून दाबा. नुसत्या दाबावर तो वर्षभर टिकणार नाही. कठडा सरकताना घर्षण त्याला हळूहळू बाहेर ढकलतं. रिंगेला बाजूनं एम-३ चा ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू द्या, बुशच्या अंगात एक मिलिमीटर शिरेल इतकाच, धाग्याला लॉकिंगचा द्रव लावून, आणि त्याचं बाहेरचं टोक पृष्ठभागाच्या आत राहील असा. बाहेर आलेला स्क्रू मुलाच्या बोटाला लागतो, आणि सुटलेला स्क्रू सरळ तोंडात जातो.

सळई दोन्ही टोकांना वेल्ड केलेली असेल तर ती खालून कापून सोडवा. परत बसवताना खाली एम-१० चा धागा आणि नायलॉक नट (सहजी सैल न होणारा) द्या, म्हणजे पुढच्या वेळी कापायला नको. बुशला चीर पाडून तो सळईवर बाजूनं चढवायचा मोह टाळा. चिरलेला बुश उमलतो आणि पुन्हा वाजतो.

[दृश्य: टेपनं दोन सळयांमधलं अंतर मोजणं. वर एकदा, खाली एकदा.]

बुश बसले, तरी कठडा अडतोय? दोन सळयांमधलं अंतर वर मोजा आणि खाली मोजा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पाय फाकलेत. कॉटच्या कडेवर मोठी माणसं बसतात, कॉट एका पायाला धरून ओढली जाते, त्यातून हे होतं. खालच्या ब्रॅकेटमागे प्लेन वॉशर घालून सळई आतबाहेर करता येते. एक मिलिमीटरचे दोन वॉशर बहुधा पुरतात.

कपाटाचा रुंद खण एका कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होऊन अडतो, तसंच इथे होतं. कठडा सव्वा मीटर रुंद असतो. वरखालच्या रिंगांमधलं अंतर कमी असेल तर तो पटकन तिरका होतो. खालची रिंग शक्य तितकी खाली घेतली की ही खोड बरीच जाते. वापरणाऱ्यांनी कठडा दोन्ही हातांनी, दोन्ही टोकांशी धरायचा, हेही आहेच. सळईवर वंगण हवंच असेल तर साधी मेणबत्ती पातळ फिरवा आणि फडक्यानं चोळून घ्या. बोटाला काही लागता कामा नये.

[दृश्य: खटका जवळून. पायातलं लांबट झालेलं भोक.]

आता खटका. यात हयगय नको. ८ मिलिमीटरची खुंटी पायातल्या भोकात शिरते. वर्षानुवर्षं आपटून ते भोक लांबट होतं, खुंटी काठावरच टेकते आणि कठडा अडकल्यासारखा दिसतो. मूल रेलतं आणि एक टोक सुटतं. मग कठडा आणि गादी यांच्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी फट उघडते. बाळ त्या फटीत सरकतं, डोकं अडकतं.

अमेरिकेत घरगुती कॉटच्या अशाच सरकत्या बाजू सुटून २००० नंतरच्या दहाएक वर्षांत किमान ३२ लहान मुलं दगावली. २८ जून २०११ पासून तिथे सरकत्या बाजूच्या घरगुती कॉटची निर्मिती आणि विक्री बंद झाली. रुग्णालयाच्या कॉट त्यातून वगळल्या, कारण उपचारासाठी बाजू खाली घेता आलीच पाहिजे. म्हणूनच रुग्णालयातल्या खटक्यावर घरापेक्षा जास्त लक्ष हवं. घरी अशी जुनी कॉट असेल, तर आमचा आग्रह आहे की ती दुरुस्त करत बसू नका. तान्ह्या बाळासाठी सरकती बाजू नसलेली कॉट वापरा.

लांबट भोकावर ३ मिलिमीटर जाडीची पट्टी वेल्ड करा आणि तिच्यात ८.३ चं नवं भोक पाडा. खुंटी निदान १२ मिलिमीटर आत गेली पाहिजे. स्प्रिंग चारही एकदम बदला. एक नवी आणि तीन जुन्या ठेवल्या तर दोन टोकं एका वेळी अडकत नाहीत. खटका उघडायला दोन हालचाली लागल्या पाहिजेत, आधी उचलणं आणि मग ओढणं. एका ओढीत उघडणारा खटका दोन वर्षांचं मूल आतून उघडतं.

तळाच्या ठण्णसाठी १० मिलिमीटर जाडीचे ईपीडीएम या कृत्रिम रबराचे चार ठोकळे, पत्र्याच्या वाटीत बसवून स्क्रूनं आवळलेले. नुसत्या गोंदावर चिकटवू नका, मूल उचकटून काढतं.

[दृश्य: कठड्याच्या गजांमधून फिरणारी सहा सेंटिमीटरची लाकडी ठोकळी.]

कॉट परत देण्याआधीची तपासणी. कठडा पन्नास वेळा वरखाली. मग वर अडकवून मधोमध धरून बाहेर ओढा, आत ढकला, खाली दाबा. आधी मधोमध, मग दोन्ही टोकांशी. दोन गजांमधून ६ सेंटिमीटरची ठोकळी आरपार जाता कामा नये. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. पायाच्या जोडावर वेल्ड तडकलेला असेल किंवा पाइप आतून गंजून बोटानं दबत असेल, तर बुश-स्प्रिंगचा खर्च करू नका. ती कॉट निर्लेखनाला, म्हणजे नोंदीतून कमी करून भंगारात, पाठवा आणि तोवर तिचा कठडा काढून ठेवा, म्हणजे गर्दीच्या दिवशी कुणी ती परत वॉर्डात ओढून आणणार नाही.

जडवस्तू संग्रह नोंदवहीतला क्रमांक कॉटच्या पायावर रंगवा आणि त्याच क्रमांकासमोर दुरुस्तीची तारीख, बदललेले भाग, सळईचं माप लिहा. पहिल्या आठवड्यानंतर एकदा, मग दर महिन्याला ग्रब स्क्रू आणि नट तपासायचे.

[दृश्य: पुन्हा रात्रीचा वॉर्ड. सिस्टर दोन्ही हातांनी कठडा वर घेते.]

सिस्टर, कठडा वर घेतलात की हात लगेच काढू नका. दोन्ही टोकांचे आवाज मोजा.

टक्.

टक्.

आता शेजारच्या कॉटकडे जा.