ऐकू येतं, वाचू येत नाही

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित. मधल्या टाळ्या आणि 'माइक जवळ घ्या' हे गाळले आहे.)

रसिकहो,

एका दिवसात छोटी नाटकं लिहायची, बसवायची आणि त्याच संध्याकाळी करायची, या आपल्या उपक्रमाची नावनोंदणी गेल्या आठवड्यात सुरू झाली. अर्जात एक रकाना आहे : 'देवनागरी वाचता येते का?' तो बघून एका बारा वर्षांच्या मुलीने टेबलापाशी विचारलं, "मला मराठी ऐकू येतं, वाचू येत नाही. मग काय लिहू?" टेबलामागे चार मोठी माणसं होती. एकालाही उत्तर सुचलं नाही. एकाने तिचं व्याकरण मात्र सुधारलं. ते आपल्याला लगेच सुचतं.

मला इथे कार्यपद्धती सांगायला उभं केलंय. दहा मिनिटांच्या नाटकाबद्दल दहाच मिनिटं बोला, अशी ताकीद आहे, त्यामुळे मी अध्यक्षांच्या दिशेला बघणार नाही.

आधी एक गैरसमज काढू. हे उत्स्फूर्त नाटक नव्हे. संहिता असते, दिग्दर्शक असतो, पाठांतर असतं. फक्त सगळं चोवीस तासांत. न्यूयॉर्कमध्ये टीना फॅलन यांनी १९९५ साली हा प्रकार सुरू केला. रात्री लेखक, सकाळी दिग्दर्शक आणि नट, संध्याकाळी प्रेक्षक, हा त्याचा सांगाडा.

तुम्ही म्हणाल, एका दिवसात नाटक? आम्ही कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेला महिना महिना तालमी केल्यात. केल्यात ना. त्यातला किती वेळ 'अरे आव्वाज कुणाचा'च्या घोषणांच्या तालमीत गेला, ते आज विचारत नाही. आपल्या वार्षिक नाटकाचाच हिशेब मांडू. सोळा रविवार, प्रत्येकी तीन तास, म्हणजे कागदावर अठ्ठेचाळीस. त्यात पहिला अर्धा तास लोकांची वाट बघण्यात जातो आणि शेवटचा अर्धा तास पुढच्या रविवारी कोण येणार नाही, ते ठरवण्यात. उरले बत्तीस. आता सगळे नट एकाच वेळी खोलीत होते असे रविवार मोजा. एका हाताची बोटं पुरतील. एका दिवसाच्या नाटकात तालमीला जेमतेम आठ तास मिळतात, पण चारही नट पूर्ण वेळ समोर असतात. फरक तिथे आहे.

आपण चार नाटकं करू. चार लेखक, चार दिग्दर्शक, सोळा नट, पडद्यामागे सहा जण. तीस माणसं झाली. दहा-दहा मिनिटांची चार नाटकं आणि मधली मांडामांड धरून प्रयोग तासाच्या आत संपतो. यात मनोगतं नाहीत, सत्कार नाहीत. कार्यकारिणीने कृपया मन घट्ट करावं.

शुक्रवारी रात्री आठला सगळे जमतील. प्रत्येक नटाने एक वस्तू आणि एक कपडा आणायचा, आपल्याला येणारी एखादी करामत सांगायची, आणि रंगमंचावर एकदा तरी करावीशी वाटलेली एक गोष्ट सांगायची. करामत म्हणजे शीळ घालणं, शीर्षासन, कन्नडमध्ये भांडणं, काहीही. "मला काहीच येत नाही" हा विनय इथे चालत नाही, कारण लेखकाला रात्री दोन वाजता त्या शिळेचाच आधार असतो. मग लेखक चिठ्ठीच्या क्रमाने नट निवडतात : पहिल्या फेरीत एक-दोन-तीन-चार, दुसरीत चार-तीन-दोन-एक, तिसरीत पुन्हा सुलट. नाहीतर प्रत्येक फेरीत पहिली निवड पहिल्याच लेखकाची होते. दहाला नटांनी घरी जाऊन झोपायचं. जागरण लेखकाचं काम आहे. न झोपलेल्या नटाच्या डोक्यात दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वाक्य टिकत नाही.

आता लेखक. सगळ्यात जास्त पडझड इथे होते. दहा मिनिटांना साधारण अकराशे ते बाराशे शब्द पुरतात. बोलण्याबरोबर उठणं, बसणं, थबकणं यांनाही वेळ लागतो. आपले लेखक अडीच हजार लिहितात आणि दिग्दर्शकाला सांगतात, जरा वेगात घ्या. मध्यरात्रीपर्यंत एक वाक्य कागदावर हवं : कोणाला, कोणाकडून, काय हवंय, आणि ते आजच का हवंय. 'आजच का' याचं उत्तर नसेल तर पात्रं गप्पा मारत बसतात आणि नाटक दहाव्या मिनिटाला संपतं ते केवळ घड्याळामुळे. जागा एकच, काळ सलग, मध्ये ब्लॅकआउट नाही. तीनला पहिला खर्डा, मग घड्याळ लावून मोठ्याने वाचन, मग काटछाट, सहाला छपाई.

काही गोष्टी लिहायला सोप्या आणि करायला महाग असतात. फोनवरचं एकतर्फी संभाषण त्यातलं पहिलं. नटाला स्वतःच्या वाक्यांबरोबर न ऐकू येणारी वाक्यंही लक्षात ठेवावी लागतात. दुसरं, मुका उभा राहणारा चौथा माणूस, ज्याला तिसऱ्या पानावर लेखक विसरलेला असतो. आणि सगळ्यात घातक म्हणजे तोच क्यू, म्हणजे ज्यावरून समोरच्याने आपलं बोलणं सुरू करायचं ते वाक्य, दोनदा. दुसऱ्या पानावर "मग काय झालं?" आणि सहाव्या पानावर पुन्हा "मग काय झालं?" असेल, तर घाईत पाठ केलेला नट दुसऱ्यावरून थेट सहाव्याच्या उत्तरावर उडी मारतो. समोरचाही इमानदारीत त्याच्या मागे जातो. नाटक सहा मिनिटांत संपतं, आणि ज्या पात्राची एन्ट्री चौथ्या पानावर होती ते विंगेतच राहतं. म्हणून छपाईआधी फक्त क्यूची वाक्यं ओळीने वाचून काढायची. पाच मिनिटांचं काम आहे.

छपाईबद्दल एवढंच की युनिकोड वापरा. कुणीतरी जुन्या प्रेमाने श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करून पाठवतं आणि सकाळी सात वाजता दिग्दर्शकाच्या संगणकावर त्याची खिचडी उघडते. पीडीएफ करा, अक्षर मोठं ठेवा, पानाच्या एकाच बाजूला छापा. मागची कोरी बाजू हालचाली टिपायला लागते.

आणि इथे ती मुलगी पुन्हा समोर येते. साडेसातला दिग्दर्शक हा सुंदर, युनिकोडमधला, मोठ्या अक्षरातला कागद तिच्या हातात देणार आणि ती तो धरून बघत राहणार. वार्षिक नाटकात हे झाकलं जातं. तिथे आई चार महिने रोज रात्री वाक्यं वाचून दाखवते आणि मूल प्रयोगात घडाघडा बोलतं. आपण टाळ्या वाजवतो, कागद त्याला वाचताच आला नव्हता हे कुणाला कळत नाही. एका दिवसात आईला तेवढा वेळ मिळत नाही.

वाटा तीन आहेत. पहिली, रोमन लिपीतली प्रत. सोय आहे, पण रोमनमध्ये 'पाट' आणि 'पात' सारखेच दिसतात, 'बाळ' आणि 'बाल' सारखेच, 'चार'मधला च आणि 'चोर'मधला च एकच. ज्याच्या कानात शब्द आधीच आहे तो नीट उच्चारतो, ज्याच्या नाही तो अडखळतो. म्हणजे कान लागतोच.

दुसरी वाट ध्वनिमुद्रणाची. साडेसहाला संहिता आली की कुणीतरी पूर्ण नाटक वाचून फोनवर घ्यायचं. दोन फिती करायच्या : एक पूर्ण, आणि दुसरीत त्या मुलीच्या वाक्यांच्या जागी तेवढाच कोरा अवकाश. पहिली ऐकून पाठ करायचं, दुसरीबरोबर बोलून बघायचं. वाचन मात्र सपाट हवं, बातम्यांसारखं. जीव ओतून वाचलंत तर मूल वाक्याबरोबर तुमची लकबही उचलतं आणि संध्याकाळी बारा वर्षांची मुलगी पन्नाशीतल्या काकूंच्या हुंदक्यासकट बोलते. आपल्या मंडळात सपाट वाचणारी माणसं शोधणं अवघड आहे, हे मी प्रेमाने म्हणतोय.

तिसरी वाट जुनी आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांचा खेळ झाला तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं प्रसंगाला धरून आपल्या मनाने बोलायची. पाठ केलेले गद्य संवाद नव्हतेच. तमाशातल्या वगातही बराच काळ तसंच चालायचं. म्हणजे त्या मुलीला भाव्यांनी घेतलं असतं. करायचं असं, की नाटकाचे चार तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं करायचं, मधलं तिने तिच्या शब्दांत बोलायचं. समोरच्याला क्यू मिळतो, आणि तिच्या तोंडात तिचंच मराठी राहतं. फक्त भाव्यांच्या नटांना घरीदारी चोवीस तास मराठी ऐकू येत होतं. हिला किती तास येतं, ते आपापल्या घरी मोजा.

तालमीकडे वळतो. आठ ते नऊ बसून वाचन. नऊपासून उभं राहायचं. तोच चार तुकड्यांचा नियम सगळ्यांना : प्रत्येक तुकडा आधी कागद बघत, मग कागद हातात पण नजर वर, मग कागद खाली. हालचाल पहिल्याच फेरीत ठरवा. खुर्चीकडे जाताना म्हटलेलं वाक्य खुर्चीकडे जाताना आठवतं. बसून पाठ केलेलं उभं राहिल्यावर पळतं. एकला सुट्टी होईपर्यंत निम्मं नाटक कागदाविना झालं पाहिजे. लेखकाने या काळात घरी झोपावं. तालमीत येऊन उसासे टाकू नयेत.

दोन ते चार रंगमंच. प्रत्येक नाटकाला पंचवीस मिनिटं, एक मिनिट जास्त नाही. पूर्ण नाटक करायचं नाही, फक्त क्यू ते क्यू, म्हणजे प्रकाश आणि ध्वनी बदलण्याच्या जागांपुरतं. प्रकाशाचे जास्तीत जास्त पाच, ध्वनीचे तीन. सामाईक नेपथ्य : एक टेबल, चार खुर्च्या, एक बाक. प्रत्येक नाटकाच्या खुर्च्यांच्या जागा वेगळ्या रंगाच्या चिकटपट्टीने जमिनीवर खुणावायच्या, नाहीतर अंधारात मांडामांड करणारे एकमेकांवर आदळतात. दरवाजा लिहिला असेल तर तो नाही हे आत्ता कळतं, म्हणून लेखकाने दरवाजा लिहूच नये.

चारनंतर दोन वेळा सलग, आवाज दाबून. दिवसभर घसा ताणला तर आठ वाजता तो बसतो, आणि आपल्याकडे प्रत्येक जण शेवटच्या रांगेतल्या मावशींसाठीच बोलतो. सहाला रंगीत तालीम, साडेसातला तिसरी घंटा. साडेसात म्हणजे साडेसात. दहा मिनिटं उशिरा येणाऱ्याचं इथे एक अख्खं नाटक जातं, हे आपल्या परंपरेला थोडं जड जाईल.

विंगेतून वाक्य सांगणारा प्रॉम्प्टर नाही. त्याऐवजी प्रत्येक तुकड्यासाठी एक परतीचं वाक्य ठरवायचं. कुणी अडकलं की समोरच्याने ते बोलायचं आणि गाडी त्या तुकड्याच्या तोंडाशी आणायची. अडकलेल्याकडे डोळे वटारून बघायचं नाही. सगळ्यात जास्त अडकतात ते आपल्यासारखे, पल्लेदार वाक्यांचे शौकीन. आडात नसलेलं पोहऱ्यात आणायला जाणारे. कानाने शिकलेली मुलं सहसा अडकत नाहीत. विसरली तर आपलं काहीतरी बोलून पुढे जातात.

म्हणूनच काळजी वाटते. ध्वनिमुद्रण दिलं, तुकडे दिले, तिचं काम छान झालं, तर आपण सगळे खूश होऊ. पुढच्या वर्षी तोच रकाना येईल, तीच खूण होईल, फीत तयार असेल. मग तिला कागद वाचायला कोण शिकवेल आणि कशासाठी? आणि कागदाचा हट्ट धरला तर ती येणारच नाही. रकाना ठेवावा की काढावा यावर समितीत दोन तास चर्चा झाली. ठरलं नाही.

अर्ज मात्र आपण घेतला आहे. रकाना तिने कोरा सोडलाय. शुक्रवारी रात्री कुठल्यातरी फेरीत कुणीतरी लेखक तिचं नाव उचलेल आणि पहाटे तीनला तिचं वाक्य लिहिताना थांबेल : सोपं लिहू, की लिहायचं तेच लिहू? तोवर, शनिवारी सकाळी साडेसहाला सपाट आवाजात वाचू शकणारे दोघं हवे आहेत. नावं बाहेरच्या टेबलावर द्या.