मार्केट यार्डातला सर्व्हर: दुरुस्तीची सुरुवात अर्थिंगपासून

[दृश्य: सर्व्हरची पुढची जाळी, अगदी जवळून]

ही पिवळी पूड हळदीची आहे. सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाच्या मागच्या खोलीत हा सर्व्हर आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हंगामात सौदे सुरू झाले की तिची धूळ दुकानात कुठंही पोचते. सर्व्हरचे पंखे पुढून हवा ओढतात, त्यामुळं ती आधी जाळीत, मग हीटसिंकमध्ये (चिपची उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्ट्यांची जाळी) आणि शेवटी एसएमपीएसमध्ये, म्हणजे सर्व्हरला डीसी वीज देणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये जाऊन बसते. पावसाळ्यात ओल धरली की नुसत्या ब्लोअरनं निघत नाही. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरायचं. मोकळं सोडलं तर ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंग जातं.

तक्रार अशी, की सर्व्हर मध्येच बंद पडतो आणि आपोआप सुरू होतो. मागं दोन एसएमपीएस. एकाचा दिवा हिरवा, दुसऱ्याचा केशरी.

[दृश्य: सॉकेटमध्ये मल्टिमीटरच्या पिना]

बहुतेक ठिकाणी इथंच नवा एसएमपीएस मागवला जातो. थांबा. आधी सॉकेट मोजायचं. मेन बोर्डावर नाही, सर्व्हर जिथं लावलाय तिथं, आणि सर्व्हर चालू असताना. फेज ते न्यूट्रल २२८ व्होल्ट. ठीक आहे. आता न्यूट्रल ते अर्थ. मीटरवर ११२. चांगल्या अर्थिंगला हा आकडा २ व्होल्टच्या आत असतो.

एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून बॉडीकडं छोटे फिल्टर कॅपॅसिटर (वीज साठवणारे भाग) जोडलेले असतात. अर्थ तुटलं की त्यांच्यामुळं बॉडीवर जवळपास निम्मं व्होल्टेज येतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, त्या याच. करंट अगदी कमी असतो, म्हणून लोक चपला घालून काम चालवतात. पण वीज कडाडली की सर्ज, म्हणजे व्होल्टेजची अचानक आलेली लाट, जिरायला वाटच उरलेली नसते, आणि मग नेटवर्क पोर्ट जातो, नाहीतर मदरबोर्ड.

[दृश्य: दुकानामागचा बोळ, अर्थिंगचा खड्डा]

वायर धरत मागं आलं की कारण दिसतं. जीआय पट्टीचा (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी) नट गंजून सुटलाय. भोवतीची जमीन काळी. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. पट्टी पॉलिश पेपरनं चकचकीत घासायची, नवा नट-बोल्ट वॉशरसकट आवळायचा, कोळसा आणि मिठाचे थर भरून पाणी सोडायचं. अर्थ टेस्टरवर रेझिस्टन्स ५ ओहमच्या आत आलाच पाहिजे; सर्व्हरसाठी १ ओहमपर्यंत नेता आला तर उत्तम.

एक जुगाड सर्रास दिसतो: सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून टाकायची. मीटर शून्य दाखवतो, मालक खूश होतो. पुढं कुठं न्यूट्रल तुटला की सर्व्हरच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. असं कुणालाही करू देऊ नका.

खड्डा झाल्यावर पुन्हा त्याच सॉकेटवर मीटर. १.३ व्होल्ट.

[दृश्य: एसएमपीएस बाहेर काढताना]

आता केशरी दिवा. दोन्ही एसएमपीएसच्या जागा आपसात बदलायच्या, पॉवर कॉर्ड मात्र जागच्या जागी. दिवा युनिटबरोबर सरकला तर युनिट खराब. जागेवरच राहिला तर कॉर्ड किंवा आतला पॉवर बोर्ड बघायचा. इथं तो युनिटबरोबर सरकला.

युनिट उघडण्याआधी कॉर्ड काढून दहा मिनिटं थांबायचं. तरीही मोठ्या कॅपॅसिटरवर मीटर लावल्याशिवाय आत बोट घालायचं नाही, तिथं ३८० व्होल्टच्या पुढं डीसी असू शकतो. शिल्लक असेल तर २ किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरनं उतरवायचा. स्क्रू-ड्रायव्हरनं शॉर्ट करायचा नाही.

हा छोटा पंखा बघा. हळदीनं जाम झालाय. पंखा थांबल्यावर उष्णता वाढली, आणि आउटपुटचे हे दोन कॅपॅसिटर फुगले. डोकं सपाट असायला हवं, इथं टेंगूळ आलंय. नवे घालताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, १०५ डिग्रीचे, लो-ईएसआर, म्हणजे आतला रोध कमी असलेले. पट्टा असलेली बाजू निगेटिव्ह. उलटा लागला तर फुटतो. पंखाही नवाच.

पहिल्यांदा पॉवर देताना सिरीजमध्ये १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब. तो क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे. मग लोडवर आउटपुट मोजायचं: ११.४ ते १२.६ व्होल्ट. बिनलोडचा आकडा फसवतो.

दुरुस्ती होईपर्यंत शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या हातानं लिहिल्या गेल्या.

[दृश्य: दोन कॉर्ड, दोन वेगळी सॉकेटं]

दोन्ही कॉर्ड एकाच यूपीएसच्या एकाच एक्स्टेंशनवर होत्या. म्हणजे दोन एसएमपीएस असून नसल्यासारखे. आता प्रत्येक कॉर्ड वेगळ्या यूपीएसवर, आणि दोन्ही यूपीएस प्युअर साइन वेव्हचे. साध्या यूपीएसवर असे एसएमपीएस लाइट गेल्याक्षणीच कधीकधी बंद पडतात.

हंगामात जाळी दर आठवड्याला साफ करायची. मार्च ते मे अर्थिंगच्या खड्ड्यात नेमानं बादलीभर पाणी घालायचं, आणि त्यानंतर न्यूट्रल-अर्थ मोजून आकडा तारखेसकट सॉकेटशेजारच्या कागदावर लिहायचा.