तापल्या साच्यावर बर्फाचा मारा

[दृश्य: नवा टायर, अगदी जवळून. एक बोट रबरावरच्या बारीक केसांवरून फिरतं.]

नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. लहानपणी आपण सगळ्यांनीच ते ओढून पाहिलेत. टायरच्या साच्यात हवा निघून जावी म्हणून बारीक छिद्रं ठेवलेली असतात. दाबाखाली रबर त्या छिद्रांत शिरतं, आणि त्याचेच हे केस होतात.

हा साचा १५० अंशांच्या वर तापलेला असतो. आतला टायर पक्का होऊन बाहेर निघतो, पण दर वेळी मागे काहीतरी सोडून जातो: रबराचा अंश, गंधक, टायर सुटा निघावा म्हणून मारलेला फवारा. शेकडो टायर झाले की साच्यावर काळा, चिवट थर चढतो. नक्षीच्या कडा बोथट होतात, टायरवरचे आकडे पुसट उमटतात.

[दृश्य: क्रेनला लटकलेला साचा.]

जुन्या पद्धतीत साचा थंड करायचा, प्रेसमधून, म्हणजे टायर दाबून तापवणाऱ्या यंत्रातून, उतरवायचा, वाळूच्या किंवा काचेच्या बारीक मण्यांच्या माऱ्यानं घासायचा आणि पुन्हा चढवून तापवायचा. यात तासन् तास प्रेस बंद राहते. त्याहून जिवाला लागणारं नुकसान वेगळं आहे. मळाबरोबर साच्याचं ॲल्युमिनियमही झिजतं, आणि मणी त्या बारीक छिद्रांत जाऊन बसतात.

[दृश्य: झाकण उघडलेली पेटी. पांढऱ्या गोळ्या, वर धुकं.]

हा ड्राय आइस, म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. तापमान उणे ७८.५ अंश. दाबाखाली साठवलेला द्रव एकदम मोकळा सोडला की त्याचा हिमासारखा भुगा होतो. तो चाळणीसारख्या साच्यातून दाबला की सुमारे ३ मिलिमीटर जाडीच्या गोळ्या पडतात, तांदळाच्या दाण्यासारख्या. पेटी कितीही चांगली असली तरी त्या रोज थोड्या थोड्या उडून जातात, म्हणून साठवून ठेवण्यात अर्थ नसतो.

[दृश्य: नोझल. कॉम्प्रेसरचा कर्कश आवाज.]

कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर गोळ्या सुसाट सुटतात आणि थरावर आपटतात. नुसत्या धक्क्यानं एवढं साधलं नसतं, कारण ही गोळी आपल्या नखाहूनही मऊ आहे. खरं काम थंडी करते. साचा आणि गोळी यांच्या तापमानात २०० अंशांहून जास्त फरक. वरचा थर एकदम गारठून आकसतो, ठिसूळ होतो आणि तडकतो. खालचा धातू मात्र तापलेलाच राहतो. मग गोळीचा वायू होतो. ती वितळत नाही, पाणी होत नाही. थेट वायू होऊन शेकडो पट फुगते आणि तडकलेला थर पापुद्र्यासारखा उचलून फेकते.

साचा जागच्या जागी, गरम असतानाच स्वच्छ होतो. वाळू उरत नाही, पाणी उरत नाही. खाली पडतो तो फक्त मळ, आणि झाडूनही तोच घ्यायचा. मला या पद्धतीचं सगळ्यात मोल वाटतं ते इथं. अर्थात, पूर्ण बुजलेली छिद्रं अनेकदा हातानं ड्रिल मारूनच मोकळी करावी लागतात.

ही कल्पना आली विमानांच्या जगातून. उडून जाणाऱ्या गोळ्यांनी पृष्ठभाग साफ करण्याचं पेटंट लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीला १९७७ साली मिळालं. आज बेकरीतले ओव्हन, छपाईची यंत्रं, आगीत काजळलेली लाकडं यांवरही हीच गोळी चालते. खोल गंज काढायचा असेल किंवा रंग धरावा म्हणून पत्रा खरबरीत करायचा असेल, तर मात्र वाळूच लागते.

वायू हवेत जातो, मग प्रदूषणाचं काय? हा कार्बन डायऑक्साइड बहुधा मुद्दाम तयार केलेला नसतो. खत कारखान्यात अमोनिया बनवताना तो निघतो, तसाच इथेनॉलसाठी मळी आंबवतानाही. एरवी हवेतच गेला असता तो इथं एकदा कामाला येतो.

[दृश्य: प्रेसखालचा खड्डा. कामगाराच्या पट्ट्याला लावलेलं वायुमापक.]

पण तो हवेपेक्षा दीडपट जड आहे. दिसत नाही, वास येत नाही, आणि खड्ड्यात साचतो. म्हणून पंखे आधी सुरू होतात, मग नोझल. जाड हातमोजे, चष्मा आणि कानांवर संरक्षण हवंच. कॉम्प्रेसर आणि नोझलचा आवाज कान खराब करण्याइतका मोठा असतो. मापकाची घंटा वाजली की काम अर्धवट टाकून वर यायचं, साचा कितीही घाईचा असो.

[दृश्य: प्रेस बंद होते. थोड्या वेळानं उघडते. नवा टायर, वर उभे केस, कडेला स्पष्ट आकडे.]