किकची तक्रार

सकाळचे साडेसहा. ट्रॅकवर पाणी मारून झालंय, ओल्या तांबड्या मातीचा वास सुटलाय. शेजारच्या दोन गाड्या गरम होऊन उभ्या आहेत. ही तिसरी, अडीचशे सीसीची चार-स्ट्रोक मोटोक्रॉस, मात्र किकवर किक मारूनही गप्पच. मागच्या महिन्यात दुसऱ्या किकला सुरू व्हायची. मग पाच लागायला लागल्या, मग आठ. आज पोराने मोजणं सोडून दिलंय.

त्याचा उजवा हात बघा. प्रत्येक किकबरोबर ॲक्सिलरेटर पिळतोय. ही रस्त्यावरच्या गाडीची सवय. या कार्बोरेटरला पंप आहे. मूठ फिरली की पेट्रोलची पिचकारी थेट आत जाते आणि प्लग ओला होतो. मिस्त्री लांबूनच सांगतात, "मूठ सोड, बाळा!"

प्लग काढून पुसला, हेडला टेकवून करंट पाहिला. ठिणगी चांगली निळी. पेट्रोल येतंय. कार्बोरेटरमधला पायलट जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक छिद्र, कालच साफ केलाय. शेवटी दोघांनी धक्का दिला, आणि गाडी लगेच सुरू!

पोरगा खूश. मिस्त्री नाहीत. थंड गाडी किकला दाद देत नाही, पण धक्क्याला देते, तेव्हा त्यांना पहिला संशय येतो टॅपेटचा, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या फटीचा. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाचं झडप-दार. ते पूर्ण बसत नसेल, तर किकच्या संथ फेऱ्यात कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, निसटतं. धक्क्याने इंजिन झपाझप फिरतं, निसटायला तेवढा वेळच मिळत नाही.

१९९७ साली लास व्हेगासच्या सुपरक्रॉसमध्ये, म्हणजे स्टेडियममधल्या मोटोक्रॉस शर्यतीत, अमेरिकन रायडर डग हेन्री यामाहाच्या चार-स्ट्रोकवर जिंकला. पुढच्या वर्षी यामाहाची चार-स्ट्रोक वायझेड ४०० एफ विक्रीला आली आणि टू-स्ट्रोकचं राज्य ढळू लागलं. पण एवढ्या वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला पोलादी व्हॉल्व्ह जड पडतात, म्हणून पोराच्या या अडीचशेत टायटॅनियमचे. वजनाला हलके, पण वरचा कठीण थर गेला की भराभर झिजतात. तो थर खाते धूळ. झिजलेला व्हॉल्व्ह त्याच्या सीटमध्ये, म्हणजे बैठकीत, वर सरकतो आणि टॅपेटची फट मिटत जाते. रस्त्यावरच्या गाडीचं टॅपेट सैल होतं, टकटक वाजतं, आपल्याला कळतं. इथे काहीच वाजत नाही. तक्रार करते ती फक्त किक.

संध्याकाळ. इंजिन पूर्ण थंड. टाकी उतरवली, टॅपेट कव्हर उघडलं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, आणला. या इंजिनाच्या इनटेकला, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला, ०.१० ते ०.१५ मिलिमीटर फट हवी. फिलर गेजची ०.०५ ची पट्टी शिरतच नाही. ०.०४ ची कशीबशी जाते.

कॅम काढून खालची शिम चिमट्याने उचलली. शर्टाच्या बटणाएवढी चकती, जाडी १.८० मिलिमीटर. तिच्या जागी १.७० ची बसवली. फट झाली ०.१४. पण हा व्हॉल्व्ह आता नवा होणार नाही, हेही मिस्त्री स्पष्ट सांगतात. फट पुन्हा लवकर मिटली तर शिम बदलत बसायचं नाही, व्हॉल्व्ह बदलायचा आणि सीटही तपासायची.

मग ते एअर फिल्टर काढतात. फोम कोरडा पडलाय. आतल्या रबरी नळीत बोट फिरवलं, तर बोट तांबडं. पोरगा काही बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चोक ओढला, मूठ बंद. दुसऱ्या किकला इंजिन बोललं.

फोम धुऊन वाळलाय. पोरगा त्यात तेल मुरवतोय, दोन्ही हातांनी, कणीक मळावी तसं. नंबर प्लेटच्या मागे मिस्त्रींनी मार्करने लिहिलंय: इनटेक ०.१४. पाच तास चालली की पुन्हा मोज.