कापलेली चोवीस मिनिटं

दृश्य : जुन्या पोस्टरवरून सावकाश सरकणारा कॅमेरा

ही गायिका-नटी डेल इव्हान्स. हा पडद्यावरचा गाणारा काउबॉय रॉय रॉजर्स. आणि हा ट्रिगर, सोनेरी अंगाचा, पांढऱ्या आयाळीचा. घोडा असूनही पोस्टरवर त्याला मानाची जागा असायची.

चित्रपट आहे १९४४ सालचा ‘द काउबॉय अँड द सेन्योरिटा’. रॉय आणि डेल पहिल्यांदा एकत्र आले ते इथं. पुढे त्यांनी खरोखरचं लग्न केलं. लांबी ७८ मिनिटं. निर्मिती रिपब्लिक पिक्चर्सची.

दृश्य : चॅट्सवर्थचे खडक, पहाटेचा उजेड

लॉस एंजेलिसच्या वायव्येला ही आयव्हरसन रँच. रँच म्हणजे गुराघोड्यांचं मोठं कुरण. रिपब्लिकच्या कितीतरी वेस्टर्नचं, म्हणजे काउबॉयपटांचं, बाहेरचं काम या खडकांत झालं. घोडे दौडायचे आणि त्यांच्या बरोबरीनं कॅमेरा लावलेली मोटार धावायची. आज मधून महामार्ग गेलाय, त्याची घरघर आमच्या रेकॉर्डिंगमध्येही आली आहे. आम्ही ती काढली नाही.

रिपब्लिक उभी राहिली १९३५ साली. हर्बर्ट येट्स यांची फिल्म धुण्या-छापण्याची मोठी लॅब होती आणि छोट्या स्टुडिओंकडे तिची बिलं थकलेली. येट्सनी अशा काही कंपन्या एकत्र आणल्या आणि स्वतःचा स्टुडिओ केला. माल ठरलेला : एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायच्या त्या काळात मुख्य चित्रपटाच्या जोडीला लागणारा दुसरा, कमी खर्चाचा चित्रपट. त्याला म्हणायचे बी-पिक्चर. या ‘बी’मुळे लोकांनी त्यांना कायम खालच्या पायरीवर ठेवलं. आम्हाला ते मान्य नाही.

दृश्य : डेल इव्हान्सचे स्थिरचित्र, मग घोड्यावरचे

न्यूयॉर्कला ‘ओक्लाहोमा!’ हे संगीत नाटक पाहून आल्यावर येट्सना वाटलं, आपल्या वेस्टर्नमध्येही बाईला जास्त वाव हवा. त्यातून डेल आली. टेक्सासची असूनही तिला तेव्हा घोड्यावर धड बसता येत नव्हतं. ती गायिका होती, तिला संगीतिकांमध्ये काम करायचं होतं.

या चित्रपटात ती इझाबेल मार्टिनेझ, रँच सांभाळणारी. गावातलं बडं प्रस्थ क्रेग अ‍ॅलन याच्याशी तिचं लग्न ठरलंय. कडक इस्त्रीचा सूट, मऊ आवाज. त्याचा डोळा आहे चिप या किशोरवयीन मुलीला वडिलांकडून मिळालेल्या खाणीवर. सगळे म्हणतात, खाणीत काही नाही. अ‍ॅलनला ते पटत नाही, पण तसं तो बोलून दाखवत नाही.

या धंद्याच्या बोलीत खलनायक दोन जातींचे. एक ‘डॉग हेवी’ : पडद्यावर येताच कुत्र्याला लाथ घालणारा, त्याला ओळखायला वेळ लागत नाही. दुसरा ‘ब्रेन हेवी’ : केसानं गळा कापणारा. तो पिस्तूल सहसा काढत नाही. तो जेवायला येतो, विचारपूस करतो, कागदपत्रांची काळजी आपल्यावर घेतो. त्याला प्रसंग लागतात, संवाद लागतात, दोन गाण्यांच्या मधली निवांत जागा लागते. प्रेक्षकाला त्याचं कपट कळलेलं असतं, आणि तरीही इझाबेलचा विश्वास का बसला हे पटायला हवं. या सगळ्याला पडद्यावर वेळ द्यावा लागतो.

आणि रँच चालवणारी बाई ही स्टुडिओची कल्पना नव्हती. वस्ती करणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या अमेरिकेच्या १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं अविवाहित बाईला, विधवेलाही १६० एकरांवर हक्क सांगता येत होता. नवरा असलेल्या बाईला सहसा नाही. तेव्हा लग्नाची मागणी आली की जमिनीचाही विचार करावा लागे.

दृश्य : १६ मिमी फिल्मचा गोल डबा, झाकण उघडणारे हात

मग टीव्ही आला. रिपब्लिकनं आपले चित्रपट टीव्हीला विकू नयेत म्हणून रॉय १९५१ मध्ये कोर्टात गेला, जिंकला, आणि १९५४ मध्ये अपिलात हरला. तासाभराच्या कार्यक्रमात जाहिरातींना जागा हवी, म्हणून ७८ मिनिटांची ५४ झाली.

कापायचं कसं, ते नीट पाहा. ही अशाच एका वेस्टर्नची जुनी टीव्ही-प्रिंट. मूळ ३५ मिमी निगेटिव्ह त्या काळी नायट्रेटची असे, आणि नायट्रेट किती झटकन पेटते हे पुण्यातली जुन्या फिल्मच्या साठ्याला लागलेली २००३ सालची आग आठवणाऱ्याला सांगायला नको. ही १६ मिमी पट्टी तशी भडकत नाही, म्हणून गावोगावच्या टीव्ही केंद्रांवर हीच जायची. तिथं आणखी कात्री लागायची.

दृश्य : जोडयंत्रावरचे हात, अगदी जवळून

पट्टी खाचेत बसवली. दात्यांवर भोकं आली. पातं खाली. आता या टोकावरचा चित्राचा थर पात्यानं खरवडायचा, पारदर्शक पट्टी दिसेपर्यंत, आणि त्याखाली जाऊ द्यायचं नाही. ब्रशनं सिमेंटचा, म्हणजे फिल्म जोडायच्या द्रावणाचा, एक हलका हात. दुसरं टोक त्यावर. दाबून धरायचं. सिमेंट दोन्ही टोकं विरघळवून एक करतं, म्हणून हा जोड सहसा सुटत नाही.

पट्टीच्या कडेला ही नागमोडी रेघ दिसते, तो आवाज. प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा दिवा पट्टीच्या वाटेवर चित्राच्या खिडकीच्या पुढे असतो. म्हणून १६ मिमीवर प्रत्येक चित्राचा आवाज त्याच्या २६ चौकटी आधी छापलेला असतो. सेकंदाला २४ चौकटी. एखादा प्रसंग उचलून फेकला, तरी त्याच्या सुरुवातीचा सेकंदभर आवाज आधीच्या, शिल्लक राहिलेल्या पट्टीवर राहतोच. कात्री चालवणाऱ्याला तो दिसत नाही.

दृश्य : प्रोजेक्टर चालू. भिंतीवर चित्र.

आता तो जोड येतोय. चित्र बदलेल, घोडे दौडायला लागतील. त्यांच्या टापा लगेच येणार नाहीत. त्याआधी सेकंदभर एका माणसाचा आवाज येईल, शांत, समजावणीचा. तो माणूस या प्रिंटमध्ये नाही.

(निवेदन थांबते. फक्त प्रोजेक्टरचा आवाज.)